लाकडी डब्याचा जीर्णोद्धार : दख्खनच्या राणीचे हरवलेले अंग

(१)
दरवर्षी १ जूनला पुणे स्थानकावर एका गाडीचा वाढदिवस साजरा होतो. डेक्कन क्वीन, म्हणजेच दख्खनची राणी, १ जून १९३० रोजी प्रथम धावली आणि आजही धावते. मात्र पहिल्या दिवशी प्रवाशांना घेऊन निघालेल्या डब्यांची एकही फळी आजच्या गाडीत नाही. मग नव्वदी ओलांडलेले नेमके काय आहे? या प्रश्नाच्या निमित्ताने लाकडी डबे, ते घडवणारे कारागीर आणि अशा डब्यांना पुन्हा रुळांवर आणण्याचे शास्त्र यांविषयीचा हा धागा.

(२)
आरंभ 'डबा' या शब्दापासूनच करावा लागतो. इंग्लंडमध्ये रेल्वे सुरू झाली तेव्हा प्रवासी डबे बांधण्याचे काम घोडागाड्या बांधणाऱ्यांच्याच हाती आले. त्यामुळे पहिल्या वर्गाचा आरंभीचा डबा हा तीन बग्ग्यांची अंगे एकमेकींना चिकटवून एका चौकटीवर ठेवल्यासारखा दिसे. रेल्वेच्या डब्याची रचना तेव्हापासून दुहेरी राहिली. खाली चाके, कमानी आणि धक्के सोसणारी लोखंडी चौकट; वर लाकडाचे अंग. खालचा भाग लोहाराचा, वरचा सुताराचा. पुढची सगळी गोष्ट या दोन भागांच्या नात्याची आहे.

(३)
पुण्यात आगगाडी आली १४ जून १८५८ रोजी. पण ती मुंबईहून थेट आली नव्हती. त्या दिवशी खुला झाला तो खंडाळा ते पुणे हा मार्ग. बोरघाटातील काम अजून चालू होते. मुंबईकडून येणारा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. १८६३ मध्ये घाटाचा मार्ग पूर्ण झाला. सदतीस फुटांना एक फूट अशी त्याची सर्वांत तीव्र चढण. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे डबे त्यानंतर कोकणाची दमट हवा आणि देशावरचे कोरडे ऊन एकाच प्रवासात सोसू लागले.

(४)
लाकूड कापले गेल्यावरही ते निश्चल होत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. खोलीतल्या कपाटाला हे फारसे जाणवत नाही. पण हादरे खात धावणाऱ्या डब्यात प्रत्येक सांधा या हालचालीने सैल होत जातो. म्हणून डब्यासाठी कोणते लाकूड निवडायचे, हा प्रश्न शोभेचा नव्हता. भारतातील रेल्वेने त्याचे उत्तर सागवानात शोधले. सागाच्या अंगी तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहजी लागत नाही. ओल-उन्हाच्या फेऱ्यात ते फारसे वेडेवाकडे होत नाही. लोखंडी खिळ्याभोवती ते लवकर कुजतही नाही.

(५)
सागाची ही कीर्ती भारतापुरती राहिली नाही. इंग्लंडच्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने आपले प्रवासी डबे सागवानाचे बांधले आणि त्यांवर रंग न देता केवळ रोगण चढवले, जेणेकरून लाकडाचा मूळ वर्णच गाडीचा रंग व्हावा. त्या डब्यांचा एक संच सेव्हर्न व्हॅली या वारसा रेल्वेने जपला आहे. तिथल्या हौशी कारागिरांना आज जीर्ण फळी बदलायची असेल तर पूर्वेकडचे सागवान शोधावे लागते. वारसा युरोपचा, लाकूड आशियातले, अशी ही स्थिती आहे.

(६)
पुणेकराला लाकडी डब्याची रचना समजणे अवघड जाऊ नये, कारण तिची नातलग शहरात उभी आहे. विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा पाहावा. आधी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कडीपाट; भार सांगाड्याने पेलायचा आणि मधल्या जागा भरून काढायच्या. डब्याचेही तसेच. तळाला जाड तुळया, त्यांच्या खाचांत कुसू बसवून उभे केलेले खांब, वर आडव्या पट्ट्या, छतासाठी कमानीसारख्या वाकवलेल्या दांड्या. या सांगाड्यावर बाहेरून पातळ फळ्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर जी उठावदार पट्टी दिसते ती नक्षी नव्हे; सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून घातलेले ते झाकण असते.

(७)
छताची युक्ती आणखी पाहण्यासारखी. कमानदार दांड्यांवर फळ्या ठोकायच्या, त्यांवर सफेत्याचा दाट लेप द्यायचा, लेप ओला असतानाच जाड कॅनव्हासचे कापड ताणून बसवायचे आणि वरून पुन्हा रंगाचे थर चढवायचे. कापड आणि रंग मिळून पाण्याला अडवणारे एक कातडे तयार होई. हे कातडे कुठे फाटले की डब्याचे आयुष्य मोजायला सुरुवात होई. पाणी छतातून खांबात, खांबातून तळाच्या तुळईत उतरे. आणि बाहेरचा रंग मात्र तोवर तकतकीत दिसत राही.

(८)
हे ज्ञान मुंबई इलाख्यात रुजले ते कारखान्यांत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा माटुंग्याचा कारखाना १९१५ मध्ये डबे आणि वाघिणींच्या दुरुस्तीसाठी उभा राहिला. करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट चालवणारे सुतार, लोहार, रंगारी, गाद्या शिवणारे आणि पितळेचे काम करणारे अशा अनेक हातांतून एक डबा बाहेर पडे. यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. इतिहासात कंपनीचे नाव राहते, अभियंत्याचे राहते. सांधा घट्ट बसवणाऱ्याचे राहत नाही.

(९)
१९२९-३० च्या सुमारास बोरघाट विजेवर चालू लागला. वाफेच्या इंजिनाला घाटात थकवणारी चढण विजेच्या इंजिनाने सुसह्य केली आणि मुंबई-पुणे जलद गाडीची कल्पना प्रत्यक्षात आली. डेक्कन क्वीनसाठी सात-सात डब्यांचे दोन संच तयार झाले. एक रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेषा. सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र रंगांची नाही. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडमध्ये बनल्या होत्या आणि वरचे अंग माटुंग्यात बांधले गेले होते.

(१०)
या एका नोंदीत त्या काळाचे सारे अर्थकारण सामावले आहे. पोलाद साम्राज्याच्या केंद्रातून यायचे. अंगमेहनत आणि हस्तकौशल्य इथले. पण याची दुसरी बाजूही आहे. प्रवाशाचा हात ज्याला लागे, डोळा ज्यावर रेंगाळे, ते सर्व म्हणजे दार, खिडकी, बाक, मुठी हे माटुंग्याच्या कारागिराचे काम होते. गाडीला 'राणी' हे नाव जिच्यामुळे शोभले ती तिची देहयष्टी मुंबईच्या सुतारांनी घडवली होती, हे सांगण्याचा प्रघात मात्र पडला नाही.

(११)
ही राणी सर्वांची नव्हती. आरंभी तिला केवळ पहिला आणि दुसरा वर्ग होता. १ जानेवारी १९४९ पासून तिचा जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो जून १९५५ मध्ये, म्हणजे सुरुवातीनंतर पंचवीस वर्षांनी आणि स्वातंत्र्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. लाकडी डब्यांचे सौंदर्य आठवताना हे विसरता येत नाही. त्या सौंदर्याच्या दाराशी तिकिटाची पायरी होती आणि ती बहुतेकांना चढता येत नव्हती.

(१२)
मग हे डबे गेले कुठे? त्याचे उत्तर लाकडाच्या दुसऱ्या स्वभावात आहे. ते आघातात फुटते आणि आगीत पेटते. दोन गाड्यांची टक्कर झाली की एका डब्याची लोखंडी चौकट उचलली जाऊन पुढच्या डब्याच्या लाकडी अंगात घुसे. दुर्बिणीची नळी नळीत सरकावी तसा डबा डब्यात शिरे. १९१५ मध्ये स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे सैनिकांनी भरलेली लाकडी, गॅसच्या दिव्यांची गाडी अशीच चुरडली आणि पेटली. दोनशेहून अधिक माणसे गेली.

(१३)
१९५५ मध्ये मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. स्विस तंत्राच्या साहाय्याने तिथे बनणाऱ्या डब्यांत चौकट आणि अंग हा भेदच उरला नाही. तळ, भिंती, छत असे सर्व पोलादाचे आणि एकसंध. भार सगळ्यांनी मिळून पेलायचा. डबा डब्यात घुसू नये, अशी त्यांची रचना. १९६६ मध्ये डेक्कन क्वीनचे मूळ डबे काढून पेरांबूरचे पोलादी डबे लावण्यात आले आणि सात डब्यांची गाडी बारा डब्यांची झाली. हा निर्णय योग्यच होता. रोज हजारो माणसांचे जीव वाहणाऱ्या गाडीला जुन्या देखणेपणासाठी थांबवणे हा वारशाचा सन्मान ठरला नसता.

(१४)
तरीही त्या निर्णयाबरोबर एक विद्या निवृत्त झाली. डब्याचे अंग सुताराच्या हातून वेल्डरच्या हाती गेले. वाकवलेल्या दांडीचा अंदाज, सागाचा कोणता तुकडा खांबाला आणि कोणता पट्टीला, ओल किती उरली आहे हे केवळ थापटीच्या आवाजावरून ओळखणे, हे कागदावर क्वचितच उतरते. ते उमेदवारीत, गुरूच्या शेजारी उभे राहून शिकायचे असते. नवा डबा बांधला जात नाही तेव्हा नवा शिकाऊही उभा राहत नाही. एका पिढीचा खंड पडला की पुस्तकांना त्या विद्येची फक्त नावे सांगता येतात.

(१५)
ब्रिटनमध्ये हा खंड थोडक्यात टळला. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. तिथून वारसा रेल्वेची चळवळ सुरू झाली. १९६० मध्ये ब्लूबेल रेल्वे आली. त्याच दशकांत ब्रिटिश रेल्वेचे जुने लाकडी डबे भंगारात जात होते आणि लोखंड सुटे करण्यासाठी त्यांचे लाकूड सरळ जाळले जात होते. जे वाचले ते बहुधा योगायोगाने. चाके काढून विकलेली डब्यांची अंगे लोकांनी शेतात कोठार, बागेत झोपडी, समुद्रकिनारी घर म्हणून वापरली होती. अनेक दशकांनी त्यांच्या भिंतींमागे रेल्वेचा डबा सापडू लागला.

(१६)
असा डबा सापडल्यावर पहिले हत्यार करवत नसते. मोजपट्टी आणि छायाचित्रे असतात. प्रत्येक फळी जागेवर असतानाच तिची नोंद घ्यायची, कारण एकदा सुटल्यावर ती कोणत्या खणातली हे सांगणारे कोणी उरत नाही. मग रंगाची परीक्षा. एका कोपऱ्यात थर एकेक करून हलकेच घासत गेले की खाली खाली जुने रंग उघडे पडतात. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावीत तसा मालकी बदलल्याचा, वर्ग बदलल्याचा इतिहास वाचता येतो. 'तिसरा' या अंकाखाली कधी कधी 'दुसरा' सापडतो. उतरत्या वयात डब्यांचीही पायरी उतरवली जात असे.

(१७)
त्यानंतर कुजलेल्या भागांचा शोध. तो बहुधा ठरलेल्या जागी लागतो. खिडकीची काच ज्या पोकळीत खाली सरकते तिच्या तळाशी पावसाचे पाणी साचते. तिथली पट्टी आधी जाते. मग छताच्या कडा आणि शौचालयाच्या आसपासची तुळई. चांगला कारागीर पूर्ण खांब बदलत नाही. कुजलेला भाग तिरका कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडतो आणि वरचा जुना भाग जुनाच ठेवतो. लोखंडी कोन, पितळी मुठी साफ करून जागच्या जागी बसवल्या जातात. डब्याला मूळ चौकट नसेल तर दुसऱ्या एखाद्या डब्याची चौकट मापात आणून तिच्यावर हे अंग चढवले जाते.

(१८)
पण असा डबा प्रवाशांना घेऊन धावू शकतो का? शकतो, कारण वारसा रेल्वे त्याच्याकडून जुन्या धावेची अपेक्षा करीत नाही. ब्रिटनमधील अशा बहुतेक मार्गांवर वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर आहे. ज्या लाकडाला मुख्य मार्गावरच्या धडकेत माणूस वाचवता आला नसता, ते या गतीत निर्धास्तपणे धावते. जपणूक याचा अर्थ इथे स्पष्ट होतो: जुन्या वस्तूला नव्या काळाच्या शर्यतीत न ढकलता तिच्या क्षमतेजोगी जागा निर्माण करणे.

(१९)
इथे नेहमीचा आक्षेप येतो. अर्ध्या फळ्या नव्या, चौकट दुसऱ्याची, रंग आजचा. मग तो डबा जुना कसा? मराठी मनाला या प्रश्नाचे वावडे असू नये. आपल्याकडे त्यासाठी शब्दच आहे: जीर्णोद्धार. देवळाचा कळस बदलतो, सभामंडप नव्याने उभा राहतो, तरी देऊळ तेच राहते, कारण तिथली पूजा खंडत नाही. उलट शनिवारवाडा पाहावा. १८२८ च्या आगीत लाकडाचा वाडा जळाला. दगडी जोते, तट आणि दरवाजे उरले. तिथे अस्सलपणा शंभर टक्के आहे, पण त्या जोत्यावर उभे राहून दिवाणखाना डोळ्यांपुढे आणणे सामान्य माणसाला अवघड जाते. अंग गेले की चौकट एकटी बोलत नाही.

(२०)
भारतात लाकडी डबे जपले गेले नाहीत असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा सलून आहे, बडोद्याच्या गायकवाडांचा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा आहे. १९८२ मध्ये 'पॅलेस ऑन व्हील्स' सुरू झाली तीही आरंभी संस्थानिकांच्या जुन्या सलूनमधून. पुढे त्यांची जागा त्या थाटाच्या नव्या डब्यांनी घेतली. २००४ मध्ये महाराष्ट्राची 'डेक्कन ओडिसी' आली तीही राजेशाही प्रवासाची आठवण विकणारी. या यादीत एक गोष्ट ठळकपणे दिसते. वाचले ते राजांचे डबे.

(२१)
आणि भारताने प्रवास केला तो तिसऱ्या वर्गातून. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेखन केले ते उगाच नव्हे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ पासून पंढरपूरला जाऊ लागली आणि तिने वारकऱ्यांच्या पिढ्या वाहिल्या. हा अरुंद मार्ग पुढे रुंद झाला, आणि ते योग्यही झाले. पण मखमली गादी जपावी आणि उघडा लाकडी बाक जळणात घालावा, असा नियम असेल तर पुढच्या पिढीला रेल्वेचा इतिहास म्हणजे संस्थानिकांची सहल वाटेल. बाकावरची झिजलेली कड ही सुद्धा कागदपत्राइतकीच साक्ष असते.

(२२)
पुण्याला सर्वांत जवळची वारसा रेल्वे म्हणजे नेरळ-माथेरान. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती १९०४ मध्ये बांधायला घेतली आणि १९०७ मध्ये ती धावू लागली. २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग उखडला. नेरळहून माथेरानपर्यंतची सेवा पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-सिमला या मार्गांना युनेस्कोची मान्यता आहे, माथेरानला अजून नाही. पण तिची खरी परीक्षा दर पावसाळ्यात सह्याद्री घेतो. वारसा एकदा घोषित करून भागत नाही. रूळ, पूल आणि डबे दर वर्षी पुन्हा मिळवावे लागतात.

(२३)
पुणे शहराने रेल्वेवरचे प्रेम आपल्या परीने व्यक्त केले आहे. पेशवे पार्कातली 'फुलराणी' १९५६ पासून मुलांना फिरवीत आली. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात छोट्या प्रतिकृतींतून रेल्वेचे यंत्रशास्त्र उलगडते. आणि डेक्कन क्वीनने २०२२ मध्ये जर्मन बनावटीवर आधारलेले नवे डबे स्वीकारताना आपला भोजनडबा सोडला नाही; टेबलाशी बसून गरम खाण्याची सोय तिच्यात टिकली. लाकूड गेले, रीत राहिली. हाही एक प्रकारचा जीर्णोद्धारच आहे.

(२४)
म्हणजे जपण्याच्या तीन वाटा दिसतात. संग्रहालय वस्तू राखते आणि तिची गती थांबवते. चालू गाडी गती राखते आणि वस्तू बदलते. वारसा रेल्वे दोन्ही थोडेथोडे राखते. पण तिला एक तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे काम येणारे हात. पैसा उभा करता येतो, लाकूड मागवता येते. कुसू खाचेत किती घट्ट बसले पाहिजे हे मात्र ज्याने शंभर सांधे बसवले आहेत त्यालाच कळते.

(२५)
असे हात पुण्यात अगदीच नाहीत असे नाही. वाड्यांचे सज्जे, देवळांचे लाकडी सभामंडप, जुन्या घरांचे कडीपाट दुरुस्त करणारे सुतार अजून आहेत, आणि त्यांची विद्या डब्याच्या विद्येची सख्खी बहीण आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने त्यांच्याकडे जावे. वहीत सांध्यांची चित्रे काढावीत, हत्यारांची नावे लिहून घ्यावीत, जमल्यास एक सांधा स्वतः कापून पाहावा. उद्या एखादा लाकडी डबा दुरुस्तीसाठी उभा राहील तेव्हा त्याला मखमलीच्या आधी ही वही लागेल. आणि तो डबा तिसऱ्या वर्गाचा असावा.